राखणकाठी

मैनाच्या राखणीतून आजवर काही गेलं नव्हतं. लग्नाआधी बापाच्या मिठागरावर तिनं मिठाच्या राशी राखल्या, लग्नानंतर सासरचं वालाचं शेत राखलं. एका उन्हाळ्यात देवळाचं नवं छप्पर चढेपर्यंत उघड्यावर रचून ठेवलेली कौलंसुद्धा तिच्याच भरवशावर होती. त्यातलं एक कौल इकडचं तिकडं झालं नाही. म्हणून पनवेलहून पक्ष्यांची पाहणी करणारी माणसं खाडीकाठच्या त्या गावात आली आणि "उन्हाळ्यापुरतं राखणीचं काम आहे, कोण करील?" असं विचारू लागली, तेव्हा चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत ज्याला ज्याला विचारावं त्यानं एकच घर दाखवलं.

राखण कशाची, तर पाखरांच्या अंड्यांची. हे ऐकून मैनाचा नवरा कमळाकर जेवता जेवता हसायला लागला. तो उरणकडे बंदराच्या एका गोदामात वॉचमन होता.

"मी कंटेनर राखतंय, तू अंडी राख," तो म्हणाला. "घरात दोन वाचमन जाले. मंग चूल कोन राखनार?"

"तू. तुजी रातपाली हाय, दिवसा घरीच लोलतोस."

कमळाकरनं पुढचा घास मुकाट्यानं घेतला. काम ठरलं.

पाहणीवाल्यांकडून जी मुलगी यायची तिचं नाव पूर्वी. पंचविशीची, राहायला पनवेलला, आजोळ जवळच्याच कोन गावातलं. त्यामुळे गावची बोली तिला सगळी कळायची. बोलायला गेली की मात्र अर्ध्यावर इंग्रजी शिरायचं. तिचंही काम हंगामीच होतं. पाखरं अंड्यावर बसली की सुरू, पाऊस लागला की बंद. आठवड्यातून दोनदा ती स्कूटीवरून यायची, तिकाटण्यावर दुर्बीण लावायची आणि बांधावर बसून राहायची. बाकीचे दिवस मैनाचे.

गावाच्या आणि खाडीच्या मध्ये जुनं मिठागर होतं. मीठ पिकवणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मीठ पिकवायच्या कोंड्यांचे छोटे बांध खचून सपाट झाले होते, राखणदाराच्या चौकीचं छप्पर अर्धं उडालं होतं, आणि मधली जमीन उन्हाळ्यात भाकरीच्या पापुद्र्यासारखी वाळून पांढरी पडत असे. वर शिंपल्यांचा चुरा. माणसाला वाटावं, इथं काही नाही. पहिल्या दिवशी मैनालाही तसंच वाटलं.

"घरटी कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"मावशी, पाय उचलू नका. तुमच्या अंगठ्यापुढे बघा."

मैनानं पाहिलं. काही दिसलं नाही. पुन्हा पाहिलं, तर चुऱ्यात तळहाताएवढी खोलगट जागा होती आणि तिच्यात दोन अंडी. वाळूच्या रंगाची, वर काळपट ठिपके, जमिनीत जमीन मिसळावी तशी मिसळलेली.

"ह्याला घरटं म्हनतात? आमची कोंबडी पन यापरीस बरी जागा बगते."

पूर्वी हसली. "हा सुरय. छोटा सुरय. घरटं बांधतच नाही, नुसतं उकरतो. लपवायची त्याची रीतच ती. अंडं इतकं मातीसारखं असतं की लपवावं लागत नाही."

डोक्यावरून एक पांढरं पाखरू किरकिरत खाली झेपावलं आणि मैनाच्या पदराला वारा घालून वर गेलं. पिवळी चोच, काळी टोपी, कपाळावर पांढरा पट्टा, जणू भस्म लावलंय. लहानपणापासून ही पाखरं तिनं खाडीवर पाहिली होती. पाण्यात सूर मारून चिंगूळ-मासा उचलताना. गावात त्यांना वेगळं नाव नव्हतं. पांढरी पाखरं, एवढंच.

दोघी बांधावर जाऊन बसल्या. पाखरू आधी कोपऱ्यातल्या डबक्यावर गेलं, पोट पाण्यात बुडवलं, आणि मग ओल्या पोटानंच अंड्यांवर येऊन बसलं.

"ऊन आहे ना," पूर्वी म्हणाली. "अंडी शिजतील म्हणून ओल घेऊन आलाय. आपण जवळ उभं राहिलो तर तो बसत नाही, म्हणून आपण लांब राहायचं." मग दुर्बिणीवरून नजर न काढता ती म्हणाली, "मागल्या वर्षी इथं एकही पिल्लू उडालं नाही, मावशी. खाडीच्या या बाजूला अशी उघडी जमीन आता हीच उरलीय, बाकी सगळीकडे भराव पडला. याही वर्षी पिल्लं निघाली नाहीत, तर बहुतेक ते ही जागा सोडून देतील. परत नाही यायचे."

"का नाय निंगत पिल्लं?"

"पाय पडतात. माणसांचे, म्हशींचे. कुणाला दिसतच नाहीत ना."

मैनानं मान डोलावली. पाय कसे अडवायचे हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्या गावात राखणकाठीचा रिवाज जुना. कुणी गवत राखलं, आंबा राखला, खळग्यातले मासे राखले, की तिथं एक काठी रोवायची आणि तिच्या टोकाला पेंढा पिळून गाठ मारायची. बस्स. काठी कुणाची, केव्हाची, हे कुणी विचारायचं नाही आणि पलीकडे हात घालायचा नाही. कुंपण घालणाऱ्याची गावात थट्टा व्हायची. काठी रोवणाऱ्याची कधी झाली नाही. काठीचा मान मोडल्याचा आळ अंगावर येणं यासारखी दुसरी नामुष्की नव्हती. आणि आळ खोटा ठरला, तर तो घेणाऱ्यानं आपली काठी उपटून त्या माणसाच्या अंगणात न्यायची, त्याच्या हातात द्यायची. मग त्यानं ती रोवावी की मोडावी, ही त्याची मर्जी. मोडली तर राखण संपली. मैनानं असं होताना लहानपणी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा काठी मोडली गेली होती, आणि तो आंबा त्या साली पोरांनी कैऱ्या असतानाच ओरबाडून नेला होता.

मैनानं निगडीच्या बारीक काठ्या तोडल्या, पेंढ्याच्या गाठी मारल्या आणि एकेका घरट्याला एकेक काठी रोवली, अगदी वीतभर अंतरावर. पूर्वी पुढच्या खेपेला आली आणि बघतच राहिली. "मावशी, सुपर आयडिया," ती म्हणाली. तिनं फोटो काढले, पनवेलच्या आपल्या माणसांना पाठवले.

आणि काठ्यांनी काम केलंही. ओहोटीच्या वेळी गावातल्या बायका टोपल्या घेऊन मिठागरातूनच खाडीवर जात, निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला. त्यांच्यापुढे असे मैनाची जाऊ, वेणू. काठ्या दिसताच वेणूनं पदर खोचला आणि रांग वळवून नेली; पण तोंड काही वळवलं नाही.

"काय गो मैना, अंडी उबवाया आता तूच बसतंस?"

"बसली असती. पन मना चोच नाय."

"चोच नाय म्हनं. गावाला इचार."

बायका हसत हसत पुढे गेल्या. त्यांच्या मागून काळूरामच्या म्हशी आल्या. काळूराम म्हातारा, उंच, पायात टायरच्या चपला. मिठागर आडवं ओलांडून तो रोज म्हशी पलीकडच्या गोड्या तळ्यावर नेत असे. त्यानंही काठ्या पाहिल्या, तोंडानं नुसता टकटक आवाज केला, आणि म्हशी काठ्यांच्या मधून दोरीवरून चालल्यासारख्या गेल्या.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मैना घरून जेवून परतली, तर एका काठीपाशी खळगा रिकामा होता.

तिनं खाली बसून पाहिलं. टरफल नाही, ओल नाही. मुंगूस असता तर टरफल टाकून गेला असता. कुत्रा असता तर पंजे दिसले असते. अंडी जशी कुणी खुडून न्यावीत तशी गेली होती. पाखरू बाजूला उभं होतं. ते येऊन रिकाम्या खळग्यात बसलं, उठलं, पुन्हा बसलं. मैनाला ते पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आणखी एक घरटं गेलं, तेही ती जेवायला गेली असताना. तिसऱ्या दिवशी दोन. त्यातल्या एकाच्या काठीपाशी मात्र मातीत माग होता. रुंद, बोथट, मध्ये टायरची नक्षी. काठीपर्यंत आलेला आणि परत फिरलेला.

मैना त्या मागाकडे खूप वेळ बघत राहिली. तिच्या राखणीतून कधी काही गेलं नव्हतं. आता जात होतं, रोज, तिच्या नाकावर टिच्चून. राग आला की माणसाला समोर दिसेल ते खरं वाटतं. तिला समोर टायरची चप्पल दिसत होती.

संध्याकाळी काळूराम टपरीवर चहा पीत बसला होता. आजूबाजूला गावातली माणसं होती. मैना सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काळूदादा, तू काठीजवल गेलतास?"

"गेलतो. वाकली होती. सरल केली."

"आनि अंडी?"

"कसली अंडी?"

"काठी सरल करनारा हात खाली पन गेला असंल."

चहावाल्यानं स्टोव्हची वात उगाच खालीवर केली. काळूरामनं मैनाकडे पाहिलं, हातातला अर्धा भरलेला ग्लास बाकावर ठेवला आणि उठून गेला. त्याला ओरडताना मैनानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही तो ओरडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या म्हशी तळ्यावर गेल्या त्या मिठागर ओलांडून नव्हे, तर बाहेरच्या मोठ्या बांधावरून, चांगला लांबचा वळसा घालून.

"आता बगू," मैना स्वतःशी म्हणाली. त्या दुपारी ती घरी गेली नाही. भाकरी फडक्यात बांधून आणली होती. चौकीच्या उरलेल्या छपराखाली, भिंतीच्या फटीला डोळा लावून बसली.

ऊन टळटळीत. बायका कधीच्या परतल्या होत्या, म्हशी लांब तळ्यात डुंबत होत्या. मिठागरात माणूस म्हणून नव्हतं. आणि मग खाडीकडच्या तिवरांच्या झाडीतून एक कावळा आला.

तो इकडेतिकडे भिरभिरला नाही. सरळ आला आणि एका राखणकाठीवर बसला. बारीक काठी त्याच्या वजनानं वाकली. दोन सुरय वरून कर्कश ओरडत त्याच्यावर तुटून पडले. त्यानं मान जराशी खाली घातली, पायाशी पाहिलं, खाली उतरला, अंडं चोचीत धरलं आणि तिवरांत गेला. थोड्या वेळानं परत आला, दुसरं नेलं. मग पुढच्या काठीकडे वळला. गोसाव्यानं एक दार झालं की पुढचं दार गाठावं, तसा.

मैनानं आरोळी ठोकली आणि धावत बाहेर आली. चार पावलं गेली आणि जागच्या जागी थांबली. पुढे अंडी होती; धावली असती तर कावळ्याचं काम तिच्याच पायांनी केलं असतं. तिनं बांधावरून ढेकूळ भिरकावलं. कावळा उडाला आणि तिवरावर जाऊन बसला, वाट बघत.

वाकलेली काठी तिच्यासमोर तशीच होती. वाकली होती, सरल केली. मैना बांधावर बसली. मग तिनं पूर्वीला फोन लावला.

उन्हं कलता कलता पूर्वी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हेल्मेट मांडीवर घेऊन चौकीच्या पायरीवर बसली.

"माझीही चूक आहे, मावशी. आम्हाला शिकवतात, घरट्याला चिकटून खूण करायची नाही म्हणून. मी काठ्या बघितल्या आणि वाटलं, या माणसांसाठी आहेत. फोटो काढत बसले." तिनं नाक ओढलं. "कावळ्याला आपण पत्ताच लिहून दिला."

ऊन उतरल्यावर, अंडी तापणार नाहीत अशा वेळी, दोघींनी काठ्या एकेक करून उपटल्या. अजून बरीच घरटी शाबूत होती. पण आता ओहोटीला बायका येणार, आणि त्यांना खाली काय आहे ते दिसणार नाही.

"एक करूया का?" पूर्वी म्हणाली. "कावळ्याला फसवूया. जिथं काही नाही तिथं काठ्या लावू, खूप. चार ठिकाणी रिकामं मिळालं की कंटाळेल."

मैना काठ्यांची मोळी बांधत राहिली.

"कावला फसंल गो बाय," ती अखेर म्हणाली. "पन उद्या वेणू येका काठीपाशी बगंल, काय नाय. दुसरीपाशी बगंल, काय नाय. मंग तिसरीला ती कशाला बगंल? येक काठी खोटी निंगाली, का सगल्या गावाच्या काठ्या नुसतं लाकूड."

पूर्वीनं मान खाली घातली. "मग?"

"काठी रोवायची, पन अंड्यापाशी नाय. मिठागराच्या तोंडाशी रोवायची. पाखराची नाय, अख्ख्या जागेची राखन. कोनीच आत यायचा नाय, मोठ्या बांदानं जायचा. म्हंजे कावल्याला पन काय कलायचा नाय."

"मग लावूया ना. आत्ताच."

"आता मना काठी रोवता येत नाय," मैना म्हणाली. "आदी येकाच्या अंगनात जायचा हाय."

ती कुठल्या अंगणाबद्दल बोलत होती ते सांगितल्यावर पूर्वीनं विचारलं, "आणि त्यांनी मोडली तर?"

"मोडली तर मोडली. मी काय म्हनून अडवू?"

काळूराम ओट्यावर बसून दावं वळत होता. मैना अंगणात शिरली तेव्हा तिच्या हातात पेंढ्याची गाठ असलेली काठी होती, आणि ती घेऊन ती सगळ्या आळीतून चालत आली होती. दारादारांत माणसं उभी होती. काळूरामची बायको रमा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि काठी पाहून उंबऱ्यातच थांबली.

"काळूदादा, मी खोटा आल घेतला," मैना म्हणाली. आवाज आळीला ऐकू जाईल इतका मोठा, कारण आळही सगळ्यांसमोर घेतला होता. "काठी घे."

काळूरामनं दावं बाजूला ठेवलं, काठी घेतली, दोन्ही हातांत आडवी धरली. "कोन होता?"

"कावला."

"कावला." त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "म्हंजे माजी नि कावल्याची चपल येकच जाली."

दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. मैना हसली नाही, काळूरामही नाही.

"दादा, सगल्या मिठागराची राखन करायची हाय. पिल्लं उडेस्तोवर. तुना पन लांबून जावं लागंल, बायकांना पन. काठी मोडलीस तर मी पुन्ना रोवनार नाय, आनि कोनाला बोलनार पन नाय."

"म्हशींना इचारतो," काळूराम म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून पुन्हा दावं वळायला लागला. रमानं पाणी दिलं. मैना ते पिऊन घरी आली.

सकाळी ती मिठागराच्या गावाकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. काठी कुठंही नव्हती. तिवरावर कावळा होता. ओहोटी लागली, आणि वेणू बायकांची रांग घेऊन आली.

"वेनू, आज मोठ्या बांदानं जा ना," मैना म्हणाली. "आत अंडी हायेत, खुना नायत."

"काठी कुठंय?"

"काळूदादाच्या घरात हाय, तुना ठावं हाय."

"मंग राखन नाय." वेणूच्या बोलण्यात राग नव्हता, ती रिवाज सांगत होती. "काठी नाय तवा वाट गावाची. मोठ्या बांदानं जाईस्तोवर पानी परत चढंल, मैना. आमी काय धरायचा, चिखल?"

खरं होतं. मैनानं रस्ता सोडला; मग वळून बायकांच्या पुढे झाली.

"चला तर. पन माज्या पावलावर पाऊल ठेवा. इकडंतिकडं नको."

अशी ती रांग त्या दिवशी मिठागरातून गेली. पुढे मैना, वाकून, एकेक पाऊल चाचपत. मागे टोपल्यावाल्या बायका. वरून सुरय ओरडत झेपावत होते. मध्येच मैना थांबली, खाली बोट केलं आणि पाय वळवला. वेणूनं खाली पाहिलं. तिच्या पावलापासून हातभरावर दोन अंडी होती, आणि एकाला बारीक तडा गेलेला. तड्यातून काहीतरी हललं.

"अगो बाय," वेणू म्हणाली. "ह्या एवड्यावरनं आमी रोज चाललंव?"

"रोज."

वेणूनं त्यानंतर खाडीपर्यंत तोंड उघडलं नाही. हे गावात नंतर बरेच दिवस सांगितलं जात असे.

बायका चिखलात उतरल्या. मैना खाडीकडच्या तोंडाशी बसून राहिली, त्यांना परत तशाच पावलांनी नेण्यासाठी. बायकांची वाट आणि तळ्याकडची म्हशींची वाट तिथंच एकमेकींना मिळत. आणि मोठ्या बांधावरून म्हशी येताना दिसल्या. मागे काळूराम, खांद्यावर काठी.

मैना उठून उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता आला. दोन वाटांच्या बेचक्यात थांबला, टाचेनं माती उकरली, काठी खोवली, बाजूनं दगड ठोकला. काठी जाडसर होती. निगडीची बारीक फोक टाकून त्यानं रात्रीतून बाभळीची दुसरी घेतली होती, पण पेंढ्याची गाठ मैनाचीच होती. हलवून पाहिली. हलली नाही.

"ही वाकायची नाय," तो म्हणाला, आणि म्हशींमागे तळ्याकडे गेला.

बायका परतल्या त्या भरलेल्या, ठिबकत्या टोपल्या डोक्यावर घेऊन. वेणू पुढे होती. काठी पाहून ती थांबली. मागच्या बायका थांबल्या. समोर मिठागर, पलीकडे गाव, अगदी हाकेच्या अंतरावर. आणि मोठा बांध खाडीला वळसा घालत लांबवर गेलेला. वेणूनं तळ्याकडे तोंड करून आवाज दिला.

"काळूदादा, रोवायची तर सकालीच रोवायची होतीस. रिकाम्या टोपल्यांनी वलसा घातला असता."

"म्हशी उशिरा उठल्या," तळ्याकडून उत्तर आलं.

वेणू बडबडत मोठ्या बांधाला लागली. रांग तिच्यामागे गेली. त्या सबंध वाटेत तिचं तोंड थांबलं नाही, पण मिठागरात एकही पाऊल पडलं नाही. गावाकडच्या तोंडाशी मैनानं त्याच दिवशी दुसरी काठी रोवली.

कावळा आला. तोंडाशी रोवलेल्या काठीवर बसला, खाली पाहिलं, माती टोचली. पुन्हा आला, पुन्हा टोचली. त्या आठवड्यात त्यानं शोधून आणखी एकदोन घरटी नेलीच. कावळा तो, त्यालाही पिल्लं होती. पण आता त्याला दारं सापडत नव्हती, आणि हळूहळू तो मासळी सुकवायच्या खळ्याकडे जास्त दिसू लागला.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मिठागरात मातीचेच गोळे पळत असावेत तशी पिल्लं पळू लागली. सावली पडली की जागीच दबायची, आणि मग पूर्वीच्या दुर्बिणीलाही दिसायची नाहीत. एका सकाळी त्यांतलं एक पंख फडफडवत उठलं, कोंडीच्या जुन्या बांधापर्यंत गेलं आणि आपटलं. दुसऱ्या दिवशी आपटलं नाही. पूर्वीनं दुर्बीण मैनाकडे सरकवली.

"बघा, मावशी. तुमचं."

मैनानं डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. "आपलं," ती म्हणाली.

पूर्वीचा हंगाम संपला. पुढच्या साली येते म्हणून ती स्कूटीवरून गेली. काळूराम पुन्हा टपरीवर चहा प्यायला बसू लागला, आणि मैना दिसली की पाय पुढे करून चप्पल दाखवी. "बग गो, आज कुठं गेलतो कल्तंय काय?" हे त्यानं पुढे आयुष्यभर सोडलं नाही. मैना दर वेळी तोंड वाकडं करी आणि दर वेळी त्याच्यासाठी चहा सांगे.

पण त्या साली, पूर्वी गेल्यावरही, काठी अजून होती. शेवटची पिल्लं उडायची होती, तोवर उपटायची नव्हती. एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला, आणि मैनाला लांबून दिसलं की खाडीकडची काठी कलली आहे. अंधारून आलं होतं. उद्या बघू म्हणून ती घरी गेली. सकाळी आली तेव्हा काठी सरळ उभी होती, बुडाशी नवा दगड ठोकलेला, आणि ओल्या मातीत टायरच्या चपलेचा रुंद, बोथट माग. काठीपर्यंत आलेला आणि परत फिरलेला.

मैनानं तो पाहिला, आणि मोठ्या बांधानं लांबचा वळसा घालून आपल्या जागेवर जाऊन बसली.